मदत हवी आहे: पायलट व्हायला एव्हिएशनची पदवी लागते का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही घेतलंय. तिसरीपासून एकच धोशा, विमान चालवणार. आम्हाला वाटलं जाईल खूळ. गेलं नाही.

गेल्या महिन्यात पुण्यात एका खासगी विद्यापीठाच्या समुपदेशनाला गेलो होतो. तिथल्या बाई म्हणाल्या, आता एअरलाइनवाले नुसत्या बारावीवाल्यांना उभंच करत नाहीत, बीएस्सी एव्हिएशन हवंच. तीन वर्षांचे सव्वासात लाख, होस्टेल वेगळं. माहितीपत्रकाच्या कव्हरवर कॉकपिटमध्ये बसलेली हसरी मुलगी, खांद्यावर चार पट्ट्या. घरी येऊन चष्मा लावून सगळं वाचलं, तर शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात, ‘परवान्यासाठीचे उड्डाण प्रशिक्षण शुल्कात समाविष्ट नाही.’ फोन करून विचारलं की मग तीन वर्षांत पोर विमानात कधी बसणार? तर म्हणाल्या, ‘आपल्याकडे सिम्युलेटर आहे ना!’

आमच्या ह्यांचं म्हणणं, पदवी हातात असलेली बरी. धाकटे दीर म्हणतात, थेट अमेरिकेत पाठवा, तिकडे पदवीला मान आहे. मी बँकेत आहे, त्यामुळे आकडे कळतात, पण या क्षेत्रातलं ओ की ठो कळत नाही. २०२१ च्या पुरानंतर घर पुन्हा उभं केलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. चूक परवडणारी नाही. पंधरा दिवसांत सीट पक्की करायला सांगितलंय. कुणी या वाटेने गेलेलं आहे का?

लिमलेट

‘सीट भरत आल्यात’ हे सांगितलं की नाही? इंजिनिअरिंगच्या वेळी आम्हालाही असंच सांगितलं होतं. ऑगस्टपर्यंत निम्मा वर्ग रिकामा होता.

डावी_खिडकी

वाशिष्ठीकाठ ताई, मी एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे सहवैमानिक, उजव्या सीटवर. (आयडीतली डावी, म्हणजे कॅप्टनची, अजून स्वप्नातच आहे.)

पदवी लागत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, नियमात सीपीएलसाठी, म्हणजे कमर्शियल परवान्यासाठी, शिक्षणाची अट बारावी, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन. वय १८ पूर्ण. त्यापुढे मेडिकल, पेपर आणि उड्डाणाचे तास. पेपर म्हणजे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन, टेक्निकल; प्रत्येकात ७० टक्के मिळाले तरच निघाला. रेडिओची आरटीआर परीक्षा वेगळी. तास किमान २००, त्यात १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमान तुमच्या जबाबदारीवर. रात्रीचे तास, बाहेर न बघता नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचे तास, आणि ३०० नॉटिकल मैलांची एक लांब फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. यातलं काहीही बीएस्सीच्या गुणपत्रिकेवरून माफ होत नाही. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे त्यावरचा एअरलाइन परवाना, लागतं, त्याचे १५०० तास. तिथेही पदवीधराला एक तास कमी नाही.

मी स्वतः बी.कॉम. आहे, बाहेरून केलं. मुलाखतीला फाइल घेऊन गेलो. पॅनेलवरच्या कॅप्टनने लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, घेतलं आणि दहा मिनिटं तेच वाचत बसला. मधेच एका नोंदीवर बोट ठेवून, ‘हे क्रॉस कंट्री (दुसऱ्या गावापर्यंतचं लांबचं उड्डाण) सोडून परत का आलास?’ मी म्हटलं, समोर ढग खाली आले होते. ‘किती खाली?’ असं चाललं होतं. बी.कॉम.चं प्रमाणपत्र त्याने पान उलटताना बाजूला सरकवलं, तेवढाच कॅप्टनचा आणि त्या कागदाचा संबंध.

सिम्युलेटरचं म्हणाल तर वाईट नाही, कामाला येतो. पण मी शिकलो विदर्भात. मे महिन्यात पहाटे साडेपाचला विमानाभोवती फिरून तपासणी सुरू. पंखाखालच्या ड्रेनमधून नळीत थोडं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. निळं दिसतंय ना? तळाशी पाण्याचा थेंब नाही ना? दहा वाजल्यावर जमीन तापली की तेच विमान चाळणीतल्या दाण्यासारखं उडायला लागतं. हे अंगात मुरायला वर्ष-दीड वर्ष जातं, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे विमान हँगरमध्ये असतं ते धरून. म्हणून आधी तीन वर्षं पदवी आणि मग फ्लाइंग, हा क्रम मला पटत नाही. एअरलाइनमध्ये सीनिऑरिटी लागलेल्या तारखेवरून ठरते. १८ व्या वर्षी सुरू केलेली आणि २१ व्या वर्षी सुरू केलेली, या दोघींमधलं ते अंतर पुढे भरून निघत नाही.

आता पैसा. सीपीएल आज ५० लाखांच्या आसपास, शाळेनुसार वरखाली. नंतर टाइप रेटिंग, म्हणजे ए३२० किंवा ७३७ असं ठरावीक विमान चालवायचं प्रशिक्षण, त्याचे साधारण १५ ते २० लाख. एअरलाइनच्या कॅडेट योजनेतून, म्हणजे एअरलाइनच निवडून प्रशिक्षणाला पाठवते त्या वाटेने, गेलात तर सगळं धरून कोटीच्या घरात. यात सव्वासात लाख छोटे वाटतील, पण टाइप रेटिंगच्या वेळी तेच कमी पडतात. आमच्या बॅचचे दोघं सीपीएल खिशात घालून दीड वर्ष घरी बसले होते, त्यासाठीच.

एक रुपया भरण्याआधी करायचं काम मात्र वेगळंच आहे. मेडिकल. आधी क्लास २, ही प्राथमिक तपासणी, मग क्लास १, कमर्शियल परवान्यासाठीची कडक तपासणी. आमच्याबरोबर एक मुलगा होता, हुशार, पेपर पहिल्या झटक्यात काढलेले. फ्लाइंग स्कूलने हप्ते घेतले, मेडिकलची आठवण कुणी करून दिली नाही. शेवटी मेडिकलला गेला तेव्हा डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. त्याला पहिल्या पानावरचा १२ दिसला, पुढच्या पानांवर नुसते ठिपके. बाहेर येऊन आम्हाला विचारत होता, ‘तुम्हाला खरंच आकडे दिसतात?’ वीस वर्षांचा होईपर्यंत बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. पैसे निम्मेही परत मिळाले नाहीत.

फुरसतीत

डावी_खिडकी यांच्याशी बहुतांश सहमत, पण सगळ्या पदव्या एका मापाने मोजू नका. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इग्रुआ आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. तिथे सीपीएल चालू असतानाच बीएस्सीचा पर्याय असतो. फ्लाइंग पहिलं, पदवी त्याच्या कडेने. तसं असेल तर घ्यावी की, काही बिघडत नाही. प्रवेश परीक्षा घासून घेते, तेवढी तयारी करा. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीलाही फ्लाइंग शिकवतात. मुलीला घेऊन एक दिवस नुसतं जाऊन बसा. किती विमानं उडतायत आणि किती नुसती उभी आहेत, ते मोजा. माहितीपत्रकात ते छापत नाहीत.

ओहायोकर

दिरांचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत पदवीला खरोखर तासांची किंमत आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसरलाही १५०० तास लागू लागले. पण मान्यताप्राप्त कॉलेजातून एव्हिएशनची चार वर्षांची पदवी असेल तर १००० तासांवर भागतं. ५०० तास म्हणजे इन्स्ट्रक्टर म्हणून वर्षभराची तरी हमाली वाचली. त्यामुळे इथली मुलं ती पदवी डोळसपणे घेतात. उलट डेल्टाने २०२२ च्या सुरुवातीला पदवीची सक्ती काढून टाकली, आता असली तर उत्तम एवढंच.

पण ही सवलत अमेरिकन परवान्याची आहे. भारतात परतल्यावर परवाना बदलून घ्यायचा, डीजीसीएचे पेपर द्यायचे, आणि ते १००० तास तिथे कुणी विचारत नाही. इथे नोकरी करायची तर व्हिसाचं काय, तो प्रश्न दिरांना विचारा.

गोरेगाव_स्लो

मी पायलट नाही, पायलटची बायको आहे. मला उलटी बाजू मांडायचीय.

किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. आमचे हे त्यांतल्याच एका फेऱ्यात सापडले, कुठल्या ते राहू दे. चार महिन्यांचा पगार अडकला. तास होते, परवाना होता, पण बाजारात एकदम शेकडो पायलट आले. त्यात उडणं थांबलं की करन्सी जाते, म्हणजे अमुक दिवसांत इतकी लँडिंग्ज केलेली नसली तर पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे. त्या काळात यांनी एका ओळखीच्या ऑफिसात हिशेबाचं काम केलं. बारावीनंतर थेट फ्लाइंग केलेलं असतं तर तेही मिळालं नसतं. यांनी गणिताची बीएस्सी करून ठेवली होती.

म्हणून पदवी कराच म्हणते मी. फक्त एव्हिएशनची करू नका. एअरलाइन बुडते तेव्हा विमानतळावरच्या, ग्राउंड हँडलिंगच्या, ट्रॅव्हलच्या नोकऱ्याही त्याच सुमाराला आटतात. मग बीएस्सी एव्हिएशन घेऊन जाणार कुठे? मेडिकल दरवर्षी असतं, एखाद्या वर्षी ईसीजीत काही निघालं तरी तीच गत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नाहीतर इग्नूतून बी.कॉम., गणित, कॉम्प्युटर, जे आवडेल ते करू दे. फी हजारांत असते. पावसाळ्यात विमान उडत नाही तेव्हा अभ्यास करेल.

डावी_खिडकी

गोरेगाव_स्लो, मान्य. मी माझ्या बी.कॉम.ची थट्टा केली, पण ते मीही याच भीतीने केलं होतं.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘चाळणीतल्या दाण्यासारखं’ ऐकून ते गप्पच झाले, आता त्यांचा विरोध पदवीवरून विमानावर सरकलाय. तो आमच्या घरातला विषय, मी बघते.

विद्यापीठातून पुन्हा फोन आला होता. लेकीनेच घेतला आणि विचारलं, तीन वर्षांत लॉगबुकात किती तास पडतील? ‘सरांना विचारून सांगते,’ म्हणाल्या.

क्लास २ साठी पुढच्या बुधवारी पुण्यातल्या एका डॉक्टरांची वेळ मिळालीय. तिला उणे सव्वादोनचा चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना. कुणी सांगितलं की आताच लेझर करून घ्या. करावं का?

डावी_खिडकी

अजिबात नको. चष्मा लावून नीट दिसत असेल तर एवढ्या नंबराचं काही नाही, आमच्यात निम्मे चष्मेवाले आहेत. मेडिकलच्या तोंडावर डोळ्यांना हात लावलात तर उलट थांबावं लागेल. नंबर लिहिलेला जुना कागद घेऊन जा, आणि चष्म्याची दुसरी जोडी आत्ताच करून ठेवा. पुढे उडताना ती कायम जवळ ठेवावी लागते.