शब्दचर्चा: ‘उतरती कळा’ की ‘ओसरणे’? आणि ‘सलग’ कशाला म्हणावं?

‘बर्डमन’ (२०१४) हा इंग्रजी चित्रपट पुन्हा पाहिला, त्यावर लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. एकेकाळी पडद्यावर बर्डमन नावाचा सुपरहीरो म्हणून गाजलेला रिगन थॉमसन आता न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर रेमंड कार्व्हरच्या कथेवरचं नाटक बसवतोय. अशा नटाला काय म्हणायचं? उतरती कळा लागलेला? मावळता? शिवाय चित्रपट एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा दिसतो, त्याला ‘सलग चित्रण’ म्हटलं तर चालेल का?

—

‘उतरती कळा’ इथे नको. ही कळा चंद्राची. पौर्णिमेनंतर एकेक कमी होत जाते. कळा आणि नटाची कला, दोन्ही एकाच संस्कृत ‘कला’ शब्दातून आलेल्या. त्याचा अर्थ अंश, चंद्राचा सोळावा भाग आणि कौशल्यही. त्यामुळे नटाला उतरती कळा लागली म्हटलं की त्याचा अभिनयच क्षीण झाला असं कानाला वाटतं. रिगनचा अभिनय आटलेला नाही, उलट आता कुठे तो कसाला लागतोय. आटलंय ते लोकांचं त्याच्याकडे बघणं.

म्हणून मी ‘ओसरणे’ घेईन. पूर ओसरतो, गर्दी ओसरते. बाहेरून आलेलं निघून जातं, काठ जागेवरच राहतो. प्रसिद्धीचंही तसंच असतं. रिगनची भूमिका करणारा मायकेल कीटन स्वतः १९८९ आणि १९९२ मध्ये बॅटमॅन झाला होता, हे आठवलं की हा शब्द मला आणखी नेमका वाटतो.

—

पण ‘ओसरलेला नट’ म्हणता येणार नाही हं. प्रसिद्धी ओसरते, नट नाही. ‘प्रसिद्धी ओसरलेला नट’ असं पूर्ण म्हणावं लागेल.

‘मावळता’बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक शांतपणा आहे, जे व्हायचं ते मान्य केल्याचा. रिगन काहीच मान्य करत नाही. कानात बर्डमनचा आवाज, आणि ऐन प्रयोगात रंगमंचामागचं दार बंद झाल्यावर अंतर्वस्त्रावर टाइम्स स्क्वेअरमधून ताडताड चालत जाणं! तो मावळायला तयारच नाही. मला त्या दृश्यात दर वेळी त्याच्यासाठी तुटतं.

—

आता ‘सलग’. सलग म्हणजे मध्ये खंड नसलेलं. ‘रशियन आर्क’ (२००२) हर्मिटाज संग्रहालयात खरोखरच एका टेकमध्ये घेतलाय, ९६ मिनिटं. तो सलग. ‘बर्डमन’मध्ये कट आहेत, फक्त ते दिसत नाहीत. छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्कीचा कॅमेरा अंधाऱ्या बोळातून जातो, दारातून आत शिरतो, झर्रकन वळतो, आणि तिथेच दोन शॉट जोडले जातात. हिचकॉकने ‘रोप’मध्ये (१९४८) पात्राच्या पाठीपर्यंत कॅमेरा नेऊन असंच केलं होतं, कारण तेव्हा कॅमेऱ्यात दहाएक मिनिटांचीच फिल्म मावायची.

शिवाय ‘बर्डमन’मधला काळही सलग नाही. कथा काही दिवसांची आहे. कॅमेरा न थांबता वर आकाशाकडे जातो आणि रात्रीची सकाळ होते.

‘एकसंध’ जवळचा आहे, पण तो पाहणाऱ्याला काय दिसतं तेवढंच सांगतो. मला ‘बेमालूम सांधलेला’ हवा. मालूम न होणारं ते बेमालूम. कसबी रफूगाराचं काम असं असतं. कापड फाटलं होतं हे त्याला माहीत, आपल्याला नाही. या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं, पण संकलनासाठी साधं नामांकनही नव्हतं. संकलक डग्लस क्राइस आणि स्टीफन मिरिओन यांनी घातलेले टाके आपल्या शब्दात तरी असावेत, असं मला फार वाटतं. ‘सलग’ म्हटलं की ते पुसले जातात.

—

पटलं. मग वाक्य असं करते: ‘प्रसिद्धी ओसरलेल्या, पण मावळायला नकार देणाऱ्या एका नटाची ही बेमालूम सांधलेली गोष्ट.’ ‘गोष्ट’च्या आधी ‘विचित्र’ही घालणार होते, कारण चित्रपट आहेच तसा. संस्कृतात विचित्र म्हणजे नाना रंगांचं, आश्चर्यकारक. आज मात्र वाचणारा नाक मुरडेल. ‘अजब’ घालू?

—

‘अजब’ घाला. त्यात नवल अजून शिल्लक आहे.