अभिनेत्री भक्ती बर्वे: तुमच्या आठवणी लिहा

काल भाचीने शाळेच्या गॅदरिंगला 'ती फुलराणी' नाटकातलं मंजुळाचं स्वगत केलं. मस्त केलं पोरीने, पण माझ्या कानात सगळा वेळ मंजुळा करणाऱ्या भक्तीताईच. आवाज चढत जायचा पण शब्द एकही सांडायचा नाही. तुम्ही कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? लिहा ना.

गिरगावकर
पाहिलंय! समोर सतीश दुभाषी. १९७५ला नाटक आलं तेव्हा आमच्या चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी फुलराणी. आणि हीच बाई दूरदर्शनवर बातम्या द्यायची, काठापदराची साडी, शांत चेहरा. आजीला पटायचंच नाही की नाटकात हेल काढून भांडणारी ती हीच म्हणून.

लेकुरवाळी
भाजी फोडणीला टाकून लिहितेय. त्यांचं 'आई रिटायर होतेय' नाटक आईबरोबर बघितलं. येताना बसमध्ये आई गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना म्हणाली, चहा तुम्ही करा. आणि बाबांनी केला!! साखर जास्त पडलेली, आईने कपभर संपवला तो. अजून डोळ्यात पाणी येतं.

ठाणे_वेस्ट
नवरा हिंदी भाषिक, त्याला ती फक्त 'जाने भी दो यारो' सिनेमातली शोभा म्हणून माहीत, 'खबरदार'ची संपादिका. गोड बोलून दोघा फोटोग्राफरना गुंडाळते ना ती. मग मी त्याला फुलराणीची क्लिप दाखवली तर म्हणे ही ती नव्हेच

गिरगावकर
@लेकुरवाळी आईंना नमस्कार सांगा _/\_

माहेर_सांगली
आमच्या सांगलीची हो ती! फेब्रुवारी २००१, वाईहून परत येताना एक्स्प्रेसवेवर अपघात. वय बावन्न फक्त. बाबांनी पेपर घडी करून ठेवला न् दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. तिचे पती, अभिनेते शफी इनामदार तर १९९६लाच गेले होते.

नाट्यवेडा
नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनीही फुलराणी केली, दोघी आवडल्या मला. पण भक्तीताईंची मंजुळा चिडली की आधी मान ताठ व्हायची, मग आवाज यायचा. अवांतर, दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाचा बटाटेवडा कोणाला आठवतो?

लेकुरवाळी
वडा!! मध्यंतरात आधी रांग, मग बाकी सगळं. @गिरगावकर आईला वाचून दाखवलं, खूश झाली. म्हणते नाटकाचं तिकीट काढा आता कुठलंतरी.