सोयाबीन आधी बुडतं, मग करपतं

प्रश्न: राहतो इंदूरला रामबागेत, शेत सांवेरकडे, 5 बिघे काळी जमीन. जुलैत सोयाबीन पाण्यात उभं, ऑगस्टमध्ये 20 दिवस थेंब नाही. बोअर मार्चलाच आटतं. काय करू?

उत्तर: काका, सपाट पेरणी सोडा. रुंद वरंबा-सरी करा, म्हणजे रुंद उंच पट्ट्यावर पेरणी आणि दोन पट्ट्यांमध्ये चर. जास्तीचं पाणी सरीतून निघतं, उघडिपीत वरंब्यात ओल टिकते. खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेत विचारा.

उत्तर: आणि शेततळं! देवासकडे शेतकऱ्यांनी ‘रेवा सागर’ तळी खोदली, रब्बीचा गहूही निघतो. फक्त मुरूम लागेपर्यंत खोदू नका, पाणी झिरपतं. आमचं तळं खोदताना जमीन जाते म्हणून माझे बाबा कुरकुरले होते, आता तळ्याकाठीच खुर्ची टाकून बसतात.

प्रश्नकर्ता: सरी यंदाच करतो. तळ्याचं आईला विचारावं लागेल, खसरा (जमिनीचा उतारा) तिच्या नावावर आहे.