मदत हवी आहे: शेलूच्या घराला संमती द्यायची की नाही? (गिरणी कामगाराचे वारस)

करीरोडकर:
सरळ विचारतो. गिरणी कामगारांना सरकार मुंबईबाहेर शेलूला घर देऊ करतंय, त्यासाठी संमती भरायची का? आई म्हणते भर. मोठा भाऊ म्हणतो, भरलीस की मुंबईतलं घर गेलं. एक एजंट रोज फोन करतोय, ४० हजार दिले तर नाव वर आणतो म्हणे. कागद सगळे आहेत. चार दिवसांत ठरवायचंय. इतिहास नको, हो की नाही तेवढं सांगा.

भायखळा_स्लो:
एजंटला दमडी देऊ नका. सोडत संगणकावर निघते, नाव वर आणायला ती काय रेशनची रांग आहे? माझ्या मामाचे असेच २५ हजार बुडाले, आता तो माणूस फोनही उचलत नाही.

आकडेमोड:
कुठली गिरणी? कधीपर्यंत कामाला होते? अर्ज कुणाच्या नावे? आणि 'सगळे कागद' म्हणजे नेमके कोणते?

कोकणी_बाणा:
शेलू म्हणजे नेरळच्या अलीकडचं स्टेशन. तिथून रोज परळला येणार? त्यापेक्षा गावचं घर शाकारा, चार काजू लावा. आम्ही तेच केलं.

करीरोडकर:
@कोकणी_बाणा गावी घर नाही, आणि काजूचं विचारलेलं नाही.
@आकडेमोड गिरणी प्रभादेवीची. बाबा साचाखात्यात, म्हणजे मागावर होते, २००९ ला वारले. अर्ज आईच्या नावे, २०११ चा. गिरणीचा लाल पास आहे, त्यांचा कामगार म्हणून तिकीट नंबर आहे. आता सांगा.

लालबाग७१:
मुळात आपल्याला शेलूला धाडतातच का? गिरण्यांची जमीन परळची, घाम परळचा. डॉ. दत्ता सामंतांनी गिरणी संप ताणला नसता तर ही वेळच आली नसती.

साचा_बंद:
झालं सुरू! १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख माणूस बाहेर पडला, तो काय एकट्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून? पगार काय होता ते घरात विचारा. मालकांना जागेचा भाव कळला होता, संप हे निमित्त.

आकडेमोड:
जमिनीचं मी सांगतो. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे होते: पालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी, मालकाला विकायला. २००१ ला दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली. समजा गिरणी १५ एकरांची. आधी म्हाडाला पाच मिळाले असते. शेड आणि चाळी धरून १२ एकर व्यापलेले असतील तर मोकळे तीन, म्हणजे म्हाडाला एक. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आणि जमीन एवढीशी, म्हणून शेलू-वांगणी.

करीरोडकर:
इतिहास नको म्हटलं होतं.

टॉवरवाली_ताई:
आम्हाला २०२० च्या सोडतीत लागलं, २२५ फूट, साडेनऊ लाख. सासूबाई पहिल्या दिवशी खिडकीतून खालची गिरणीची चिमणी बघत बसल्या होत्या. पण दोन लिफ्ट, पंप, वॉचमन, मेंटेनन्स भरताना जीव जातो. आणि पाच वर्षं विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

साचा_बंद:
पनवेलजवळच्या कोनची घरं २०१६ ला लागली. मग कोविडमध्ये तिथे विलगीकरण केंद्र. माणसं वर्षानुवर्षं चावीची वाट बघत राहिली. शेलूचं स्वप्न बघताना हे आठवा.

भायखळा_स्लो:
तुमच्या भावाची भीती १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातल्या १७ व्या कलमामुळे आहे. घर नाकारलं तर हक्क संपला, असं त्यात होतं. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात आंदोलन झालं, ते कलम काढतो असं सरकारने सांगितलं. म्हणजे भाऊ उलटं समजतोय, धोका नाकारण्यात होता. भरण्याआधी ताजा निर्णय वाचून घ्या. ऐकीव माहितीवर सही नको, माझ्याही नाही.

गळती_ग्रस्त:
विषय निघालाच आहे म्हणून, आमच्या जुन्या चाळीच्या गच्चीला डांबर बरं की रासायनिक लेप?

आकडेमोड:
@करीरोडकर लाल पासावर तारीख काय आहे? १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर कामावर असल्याचा पुरावा लागतो.

करीरोडकर:
१९७८.

आकडेमोड:
मग 'सगळे कागद' कसे? संप संपल्यावर बाबा परत गेले होते का? पीएफ, ईएसआयसी, हजेरीपत्रक, काहीतरी शोधा. संमतीचं नंतर बघू, आधी पात्रता.

लालबाग७१:
पगाराची पाकिटं बायका जपून ठेवायच्या. आईला विचार.

करीरोडकर:
विचारलं. पत्र्याच्या पेटीत, माझ्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकाखाली सापडलं. ऑगस्ट १९८४, साचाखातं, तिकीट नंबर तोच. आई मघापासून ते हातातून सोडत नाहीये.

भायखळा_स्लो:
उत्तम. पण नाव काय लिहिलंय? मृत्यूच्या दाखल्यावरच्याशी जुळतं का?

करीरोडकर:
पाकिटावर 'बाबू धोंडू'. दाखल्यावर बाबाजी धोंडिबा.

साचा_बंद:
आमच्याकडेही हेच झालं होतं. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करून घ्या. भावालाही बरोबर न्या, त्याचीही सही लागेल.

करीरोडकर:
तीच तर पंचाईत. तो फोन उचलत नाहीये.