परदेशी गिऱ्हाइकाला भाव डॉलरमध्ये दाखवायचा की रुपयातच?

गल्लेवाला
कोल्हापुरी चपला, पैठणी, दिवाळीचा फराळ बाहेर पाठवणाऱ्या छोट्या ऑनलाइन दुकानांनी गिऱ्हाइकाच्या चलनात भाव दाखवायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत. बहुतेक ठिकाणी नुसता आकडा बदलतो, वसुली रुपयातच होते.

२,४९९ रुपयांची जोडी घ्या. दर ९० धरला तर प्लगिन (दुकानाच्या साइटला जोडलेला भाव बदलणारा छोटा प्रोग्राम) २७.७७ डॉलर दाखवतं. कार्डावर पडतात २,४९९ रुपये, त्यावर बँक स्वतःचा दर लावते आणि परदेशी व्यवहाराचे साधारण ३ टक्के वर घेते. स्टेटमेंटवर २८.६० उमटतात. ८३ सेंट काही कुणाला जड नाहीत, पण 'दाखवले एक, कापले भलतेच' ही तक्रार दुकानाच्या माथी येते. भाव रुपयात असता तर तोच फरक बँकेच्या नावावर गेला असता.

हिशेबनीस
रोग बरोबर ओळखलात, औषध चुकलं. दोष आहे तो नुसत्या गुणाकार-भागाकाराचा. गेटवे (गिऱ्हाइकाच्या कार्डावरून पैसे घेऊन दुकानाला देणारी सेवा) डॉलरमध्ये वसुली करून देत असेल तर डॉलरचा वेगळा, ठरलेला भाव लावा. तुमचंच उदाहरण:

मूळ २७.७७. गेटवेचं शुल्क ३ टक्के, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३.५४. चलन बदलताना २ टक्के जातात. दराच्या चढउतारासाठी ३ टक्के राखून ठेवा. एकूण ८.५४ टक्के. हे शेवटच्या रकमेतून कापले जाणार, म्हणून २७.७७ ला ०.९१४६ ने भागायचं, १.०८५४ ने गुणायचं नाही (ही चूक सर्रास होते). उत्तर ३०.३६. पाटी लावा ३१ ची. दर ३ टक्क्यांहून जास्त हलला तरच पाटी बदला, रोज नाही. सकाळी २७.७७ आणि संध्याकाळी २७.९१ दिसलं की माणूस पिशवीत टाकलेला माल परत ठेवतो.

शिवाय रुपया घसरला तर ठरलेला डॉलर-भाव दुकानदाराच्याच फायद्याचा. दुबईचा दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, तेव्हा तिथली पाटी वेगळी सांभाळायलाच नको.

गल्लेवाला
डॉलरचं ठीक. पौंडाचं काय? १२० दर धरला तर २०.८३. पण ब्रिटनमध्ये ग्राहकाला दिसणारा भाव व्हॅटसकट असावा लागतो, आणि १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर तो व्हॅट १ जानेवारी २०२१ पासून विकणाऱ्यानेच विक्रीच्या वेळी घ्यायचा आहे. २० टक्के चढवले की झाले २५, तुमचं ८.५४ अजून बाहेरच. लहान मुलांच्या चपलांना तिथे शून्य दर, म्हणजे एकाच दुकानात दोन हिशेब. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली आयात शुल्काची (ड्युटीची) माफी २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. तुमच्या ३१ मध्ये ड्युटी आहे की दारात कुरिअरवाला मागणार? पौंडात पाटी लावली की गिऱ्हाईक धरून चालतं, सगळं यात आलं. रुपयात पाहणाऱ्याला निदान माल बाहेरून येतोय एवढं कळतं.

हिशेबनीस
अहो, कर रुपयात भाव लावल्याने चुकत नाही. व्हॅट भरायचाच आहे. तो लपवायचा की दाखवायचा, एवढाच प्रश्न. ड्युटी भरून पाठवत असाल तर भावाखाली एक ओळ लिहा, नसाल तर तेही लिहा.

कोडकरी
दोघंही आकड्यांवर भांडताय, मोडतं ते भलतीकडेच.

एक, कॅश (रोकड नव्हे, एकदा तयार झालेल्या पानाची साठवलेली प्रत). आयपीवरून, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या क्रमांकावरून, देश ओळखून सर्व्हरवर भाव बदलता आणि पान कॅश होतं, म्हणजे तीच प्रत पुढच्यालाही दाखवली जाते. पहिला माणूस दुबईचा आला तर पुढच्या पुणेकराला दिरहम दिसतात. कॅशच्या किल्लीत (प्रत ज्या खुणेने ओळखतात तिच्यात) चलन घाला, नाहीतर प्रत्येक चलनासाठी पानाचा वेब-पत्ता वेगळा ठेवा. दुसरा मार्ग बरा. कारण गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा अमेरिकेच्या आयपीवरून येतो. फीडमध्ये (गूगलला दिलेल्या मालाच्या यादीत) रुपये आणि पानावर डॉलर सापडले की गूगलचं मर्चंट सेंटर, म्हणजे दुकानांचा माल गूगलवर दाखवणारी सेवा, तो माल नाकारतं.

दोन, दशांश. गेटवेला रक्कम सर्वांत लहान नाण्यात द्यायची असते. २,४९९ रुपये म्हणजे २,४९,९०० पैसे, म्हणून कोडमध्ये आंधळेपणाने गुणिले १००. जपानी येनला लहान नाणंच नाही: ४,३०० चे ४,३०,००० कापले जातील. कुवेती दिनारात हजार फिल्स: ८.५०० दिनारचे ८५० फिल्स गेले की दुकानाला दहावा हिस्सा मिळाला. जपानचं गिऱ्हाईक लगेच ओरडेल. कुवेतचं कशाला ओरडतंय!

आणि नुसतं '$' लिहू नका. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळ्यांचं चिन्ह तेच. चलनाचं नाव पुढे हवंच.

पायताण
एक प्रसंग कुणीच धरला नाही. मुलगा न्यू जर्सीत, चपला सांगलीला आई-बाबांना. आयपी अमेरिकेचा, कार्ड अमेरिकेचं, माल देशातच. दुकान ३१ डॉलर दाखवणार. पण माल देशाबाहेर जात नाही म्हणजे निर्यात नाही. पैसे डॉलरमध्ये आले तरी जीएसटी लागणार. निर्यातीची पाटी दाखवून देशी बिल कसं फाडणार?

कोडकरी
आयपी विचारूच नका. वरच्या पट्टीत 'माल कुठे पाठवायचा?' एवढं विचारा आणि त्या देशावरून चलन, कर, कुरिअर तिन्ही ठरवा. पैसे भरायच्या पानावर चलन बदलायची सोय बंद, नाहीतर लोक पत्ता न्यू जर्सीचा टाकून रुपये निवडतात.

गल्लेवाला
म्हणजे सांगलीच्या पार्सलला भाव रुपयातच. फिरून माझ्याच दारात आलात की!

हिशेबनीस
त्या एका पार्सलपुरतं, हो. तिथे खाली बारीक अक्षरात 'अंदाजे २८ डॉलर, बँकेचा आकार वेगळा' लिहा. पण परताव्याचं बघा. रुपयात घेतलेले २,४९९ तुम्ही पूर्ण परत केलेत तरी बँक त्या दिवसाच्या दराने डॉलर देते. मधल्या काळात डॉलर ९२ झाला असेल तर हातात २७.१६ येतात, आणि भरले होते २८.६०. तक्रार पुन्हा तुमच्याकडेच. डॉलरमध्ये घेतलेले ३१ परत करताना ९० च्या जागी ९२ ने ६२ रुपये दुकानाच्या खिशातून जातात, वर गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही.

गल्लेवाला
ते ६२ रुपये छोट्या दुकानाने का सोसायचे, हे अजून कुणी सांगितलं नाही.

हिशेबनीस
वर ३ टक्के राखून ठेवलेत ते त्यासाठीच. जोडीमागे ८० रुपयांच्या वर होतात.