टिपण, टाचण, चिठ्ठी... आणि मोबाईलमधल्या 'त्या' फोटोला काय म्हणायचं?

दुपारचा_चहा
मोबाईल भरला म्हणून काल रात्री फोटो डिलीट करत बसले होते. वाटलं ट्रिपचे वगैरे निघतील, पण माणसं कमी आणि कागदंच जास्त निघाली. फ्रिजवर चिकटवलेलं 'गॅस लावलाय, वहीवर नोंद कर', लिफ्टमधली पाण्याची सूचना, डॉक्टरांच्या औषधाच्या चिठ्ठ्या, भिशीत निघालेली चिठ्ठी (माझी नाही), कालनिर्णयच्या चौकोनात आईने मांडलेले दुधाचे खाडे, मॉलच्या पार्किंगमधला खांबाचा नंबर, आणि दहाची एक नोट जिच्यावर कुणीतरी बॉलपेनने हिशोब करून ठेवलाय. म्हणजे नोटेवरची नोट.

तर प्रश्न असा की हे फोटो मी आठवण म्हणून काढलेले नाहीत, लिहून घ्यायचा कंटाळा म्हणून काढलेत. याला मराठीत शब्द काय? मला आपलं वाटतं की शब्द आधीच आहे, 'टिपणे'. बघा ना, आपण फोन नंबर टिपून घेतो, चिमणी दाणे टिपते, रुमालाने घाम टिपतो, टीपकागद शाई टिपतो आणि फोटोग्राफर क्षण टिपतो. समोर जे आहे ते हलक्या हाताने, न सांडता उचलायचं, एवढंच सगळीकडे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, आणि पॅरिसमध्ये फोटोचा शोध जाहीर झाला १८३९ मध्ये, म्हणजे मराठीचा कोश छापून झाला तेव्हा फोटो ही वस्तू जगाला माहीतही नव्हती, पण क्रियापद तयार होतं! म्हणून मी याला 'टिपण'च म्हणणार. कुणाला पटतंय का?

खडूस_काका
शब्द छान, पण एक विचारतो. तुम्ही स्वतः तोंडाने कधी 'मी फोटो टिपला' म्हणालात का? मी साठ वर्षांत ऐकलेलं नाही. ते पेपरातल्या फोटोखाली असतं, 'आमच्या छायाचित्रकाराने टिपलेले दृश्य'. घरात आपण फोटो काढतो. आणि गंमत म्हणजे नोट्सही काढतो, झेरॉक्सही काढतो, चिठ्ठीही काढतो (भिशीची). तुमच्याच पोस्टमध्ये 'काढलेले नाहीत, काढलेत' असं लिहिलंय, टिपलेत नाही. तेव्हा जोडणारं क्रियापद हवंच असेल तर ते काढणे.

दुपारचा_चहा
काका पकडलंत 😄 पण काढणे हे कशालाही चालतं हो. कर्ज काढतो, धार काढतो, दृष्ट काढतो, रांगोळी काढतो, शाळेत तर चिमटेही काढायचो. ज्या शब्दात सगळं मावतं त्याने नेमकं काय सांगितलं?

खडूस_काका
भाषेत असे चार गडी लागतातच, सगळी कामं करणारे. सगळेच स्पेशालिस्ट झाले तर बोलायचं कसं.

झेडपीवाली_बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे 'टिपण' कुणी म्हणत नाही, 'टाचण' म्हणतात. पाठ टाचण वही हा शब्द बाहेरच्यांना माहीत नसेल पण आमचं अर्धं आयुष्य त्यात गेलंय, उद्या काय शिकवणार ते आज मुद्दे काढून लिहायचं. मला या दोन शब्दांत फरक वाटतो. टिपण म्हणजे दुसरा बोलतोय किंवा समोर काहीतरी आहे आणि ते मी उचलून घेतेय, टाचण म्हणजे मीच माझ्यासाठी तात्पुरतं अडकवून ठेवतेय, पुढे नीट करायचंय म्हणून. टाचणीसारखं. तुमचा पार्किंगच्या खांबाचा फोटो माझ्या मते टाचण आहे, गाडी सापडली की संपलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टिपण.

उसवलेली_टीप
बाईंनी टाचणी म्हटलं म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसतं वाचणारी. आमचं शिवणकामाचं दुकान आहे. आमच्यात टाचणे म्हणजे कच्चं शिवणं, लांब लांब टाके घालून कापड जागेवर धरून ठेवायचं, मग मशीनवर टीप मारायची, आणि टीप बसली की टाचलेला दोरा ओढून काढायचा. मला आज पहिल्यांदा डोक्यात आलं की तळटीप मधली टीप आणि आमची टीप एकच दिसते लिहायला. एकच शब्द आहे की नुसता योगायोग ते इथल्या जाणत्यांनी बघावं, पण टाचण कच्चं आणि टीप पक्की हा आमच्या धंद्यातला फरक तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटलं.

दुपारचा_चहा
वा! आणि वर डोळ्यातली टिपं आहेत, आणि पोलिसांना मिळते ती टीप (ती मात्र इंग्रजीतून आलेली). ताई, लिहीत जा हो.

चारमिनार_मराठी
आमच्या तीन पिढ्या हैदराबादला. इकडे लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेला 'रुक्का' म्हणतात, शेजारच्या खालांकडून शादीचा रुक्का आला की आई त्यावरच मागे किराण्याची यादी लिहायची कारण कागद जाड आणि गुळगुळीत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कागदाचा तुकडा, आणि कपड्याला लावतात ते ठिगळही. शिंपीण ताई, हे तुमच्यासाठी. टाचण, टीप, ठिगळ, सगळं शिवणकामच निघालं.

आणि यादीवरून आठवलं, 'यादी' फारसी 'याद' वरून, म्हणजे जे लक्षात ठेवायचं ते. आपल्याकडे लग्नाची बोलणी लिहून काढतात ती पण यादीच, आणि त्याच मांडवात लग्न उरकलं की यादी पे शादी. एका शब्दात वाणसामानही बसतं आणि मुलगीही बसते, यावर जास्त बोलत नाही.

कोकणी_बोंडू
लग्नाचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे रत्नागिरीत टिपण म्हणजे पहिल्यांदा जन्मटिपण. 'टिपण जुळलं का?' असं विचारलं तर कुणी मीटिंगच्या नोट्स बघायला जाणार नाही. पूर्वी स्थळाकडून पत्र यायचं, 'मुलीचा फोटो आणि टिपण पाठवावे'. म्हणजे तुमचे दोन्ही एका पाकिटात 😀 आता व्हॉट्सॲपवर टिपणाचाच फोटो येतो. तेव्हा तुम्ही कुणाला म्हणालात की माझ्या मोबाईलमध्ये चारशे टिपणं आहेत, तर लोक समजतील वधूवर सूचक मंडळ काढलंय.

दुपारचा_चहा
आईशप्पथ, हे डोक्यातच आलं नव्हतं. ही अडचण खरी आहे.

निब_तुटलं
मूळ धाग्यात एक राहून गेलं ते 'नोट'. नोट या इंग्रजी शब्दाची मराठीत दोन अनेकवचनं झालीत. पैशाची असेल तर नोटा (दहाच्या नोटा, नोटाबंदी), अभ्यासाची असेल तर नोट्स. नोटा हरवल्या आणि नोट्स हरवल्या यात घरचे कधी किती ओरडतील ते लगेच कळतं. मराठीने पैशाची नोट पूर्ण आपली केली, स्त्रीलिंगी, वीट-विटा सारखी चालवली, आणि अभ्यासाची मात्र इंग्रजी शेपटासकट तशीच ठेवली, बहुतेक कारण ती कॉलेजात भेटली आणि पैशाची बाजारात. त्यात २०१३ पासून मतदानयंत्रावर तिसरा 'नोटा' आला तो वेगळाच.

एकवचनात 'एक नोट लिहून ठेव' हे मला अजूनही कानाला खटकतं. तिथे 'चिठ्ठी' हाच शब्द आहे. 'चिठ्ठी लिहून ठेव'. तुमच्या फ्रिजवरची ती चिठ्ठी आहे, टिपण नव्हे, कारण ती दुसऱ्यासाठी लिहिलीय.

खडूस_काका
सहमत. आणि लिफ्टमधल्या कागदाला चिठ्ठी म्हणू नका, ती पाटी. कागदाची असली तरी पाटी. जिथे लिहिणाऱ्याचा राग दिसतो ती पाटी, हा माझा साधा नियम. (सदाशिव पेठेत वाढलो, माफ करा.)

झेडपीवाली_बाई
काका, सोसायटीने सहीशिक्क्यानिशी लावली तर ती नोटीस. रागही असतो आणि शिक्काही.

निब_तुटलं
मुद्द्यावर येऊ. प्रश्न कागदाला काय म्हणायचं हा नव्हता, कागदाच्या *फोटोला* काय म्हणायचं हा होता. महावितरणच्या बिलावर पूर्वी मीटरच्या रीडिंगचा फोटो छापलेला असायचा, तो चांगला दिसावा म्हणून कुणी काढत नसे, आकडा पुरावा म्हणून राहावा म्हणून काढायचे. हे तसलंच. मला 'नोंद' बरा वाटतो. फोटोनोंद.

दुपारचा_चहा
फोटोनोंद म्हटलं की तलाठी कार्यालयात उभी असल्यासारखं वाटतं. आणि पुराव्यासाठी नाही ना सगळे, काही नुसते राहून गेलेत. दुधाच्या खाड्यांचेच बघा. आई महिना संपला की पान उलटायच्या आधी मला म्हणायची, मी फोटो घ्यायचे, दूधवाल्याचा हिशोब झाला की डिलीट करायचे. तीन महिन्यांचे करायचे राहिले आणि आता ते करवत नाहीत. त्यात एका चौकोनात खाडा आहे आणि खाली बारीक अक्षरात 'सगळे गावी'. बाईंच्या हिशोबाने हे टाचण होतं, दोरा ओढून काढायचा राहिला.

उसवलेली_टीप
राहू दे मग. कधी कधी आम्ही पण ठेवतो, अस्तराच्या आत असेल तर दिसत नाही कुणाला.

चारमिनार_मराठी
ताई, आईंनाच विचारा ना. त्या हा फोटो काढायला सांगताना नेमकं कुठलं क्रियापद वापरतात? टिपून घे म्हणतात की काढून ठेव? आधी काही सांगू नका, नुसतं ऐका.

कोकणी_बोंडू
+१. काका विरुद्ध ताई, निकाल आईंकडे.

दुपारचा_चहा
आत्ताच ऐकलं. किराण्याची यादी पुढे केली आणि गप्प उभी राहिले. आई म्हणाली, "हातात काय धरतेस, फोटो मारून ठेव."

खडूस_काका
मारून!

उसवलेली_टीप
बरोबरच आहे की. टीप पण मारतातच.

झेडपीवाली_बाई
आणि आमचे साहेब शेरा.