गर्डरच्या फोटोंत ०.२ मिमीची भेग मॉडेलला सापडत नाही

सळई_१२:
खाडीवरच्या आरसीसी पुलाचे गर्डर (आडव्या तुळया) ड्रोनने टिपलेत. ४५ मेगापिक्सेल फुल-फ्रेम कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, अंतर ५ मीटर. फोटो ६४० पिक्सेलवर आणून यू-नेटला (प्रत्येक पिक्सेल भेगेचा आहे की नाही ते ठरवणारं एआय मॉडेल) देतो. अचूकता ९९ टक्के, तरी बारीक भेगा सुटतात आणि शटरिंगचे (काँक्रीट ओतताना लावलेल्या साच्याचे) सांधे भेग म्हणून येतात. मॉडेल बदलू का?

पूलपाहणी:
मॉडेलला हात लावू नका, भेग फोटोतच उतरलेली नाही. पिक्सेलचा आकार गुणिले अंतर भागिले फोकल लांबी: ४.४ मायक्रॉन, ५००० मिमी, ३५ मिमी, म्हणजे एका पिक्सेलमागे ०.६३ मिमी. भेग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. त्यात ८२५६ पिक्सेलचा फोटो ६४० वर आणलात, की एका पिक्सेलमागे ८ मिमी!

८५ मिमी लेन्स, २ मीटर अंतर ठेवा, ०.१ मिमी मिळेल. एका फोटोत जेमतेम ०.८५ × ०.५७ मीटर भाग येतो. ३० टक्के ओव्हरलॅप धरला तर १०० चौरस मीटरला चारशेच्या वर फोटो. शटर १/१००० असताना ड्रोन सेकंदाला १० सेंमी जरी सरकला तरी एक पिक्सेल फासला जातो. गर्डरखाली जीपीएस दगा देतं, आणि अंधारही असतो, म्हणून दिवा लागतोच. खाडीचा वारा सुटला असेल तर २ मीटरवर जाऊच नका.

मास्क_मास्तर:
त्या ९९ टक्क्यांवर विसंबू नका. भेगेचे पिक्सेल एक टक्काही नसतात, कोरा मास्क (भेगेचे पिक्सेल रंगवून दाखवणारा नकाशा) दिला तरी तेवढेच गुण पडतात. किती भेगा सापडल्या, किती सुटल्या, ते मोजा. फोटो लहान न करता ५१२ चे तुकडे पाडा, ६४ पिक्सेल एकमेकांवर येऊ द्या. आणि एका गर्डरचे तुकडे प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हींत विभागू नका, नाहीतर मॉडेल तोच डाग ओळखून पास होतं. सांधे, शेवाळाचे ओघळ, कोळिष्टकं, जुन्या पाहणीच्या खडूच्या रेघा यांचे भेग नसलेले तुकडे मुद्दाम भरपूर घाला.

सळई_१२:
धन्यवाद. रुंदी मास्कवरूनच काढली तर चालेल?

पूलपाहणी:
०.२ मिमी म्हणजे दोनच पिक्सेल. मास्कची कड एका पिक्सेलने सरकली तरी उत्तर निम्मं किंवा दीडपट. मास्कवरून भेगेची जागा आणि लांबी घ्या. रुंदीसाठी निवडक ठिकाणी क्रॅक गेज (भेगेची रुंदी मोजायची पट्टी) लावा, त्याच जागेचा फोटो जोडा. सळईच्या रेषेत भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला तर तिथे हातोडीने ठोकून बघाच. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आतून सुटलेलं असेल तर बद्द आवाज येतो, आणि ते कुठल्याच साध्या फोटोत दिसत नाही.